कारण थोडक्यात लिहा

तुमच्या फॉर्मवर कारणासाठी दीड ओळ आहे.
दीड ओळीत माझं नावही धड बसत नाही:
ऑर्मंड थिओडोर सिडल्स, वय एकाहत्तर,
गुरांचा डॉक्टर, आता निवृत्त,
वायरारापा, न्यूझीलंड.
म्हणून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितोय.

वाहनाचा प्रकार: वॉस्प. म्हणजे गांधीलमाशी.
नौदलाचं जुनं हेलिकॉप्टर.
लिलावात घेतलं तेव्हा दारं नव्हती
आणि शेपटीत खऱ्या गांधीलमाश्यांचं पोळं होतं.
हे आम्हाला पहिल्या उड्डाणात, तीनशे फुटांवर कळलं.
हेमी म्हणाला, इंजिनाचा आवाज वेगळा येतोय.
इंजिनाचा नव्हताच तो.

हेमी रंगिहुना. जहाजावर हिचाच मेकॅनिक होता.
लोकरीच्या शेडमध्ये अकरा वर्षं आम्ही तिला जोडत होतो,
तो तिच्याशी माओरीत बोलायचा,
शिव्या इंग्रजीत द्यायचा,
आणि नोलीन, माझी बायको, दोन्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

पूर्वी काही अपघात?
'होय'वर खूण केली आहे.
एकदा नकाशा दारातून उडाला
(दार अजून टपालात होतं),
रस्ता चुकलो, खाली एक पाटी दिसली,
गावाचं नाव वाचायला उतरलो.
पाटीवर लिहिलं होतं: ताजी अंडी.
आता उतरलोच आहोत तर, म्हणून डझनभर घेतली.
घरी पोचली चार.

आता मुख्य प्रकार.
शनिवार, कृषी प्रदर्शन, हवा स्वच्छ.
आम्हाला मेंढ्यांच्या कुंपणापलीकडे उतरायचं होतं
आणि तिथेच उतरलो, हे कृपया नोंदवून घ्या.
उतरण्याबद्दल कोणाचीच तक्रार नाही.

पण हिची चार चाकं चारही दिशांना वळतात,
डुलत्या जहाजावर तशीच लागतात.
जमिनीवर ती खीळ घालून अडवायची असतात.
खिळी हेमीच्या खिशात होत्या.
खिसा सदऱ्याला होता.
सदरा घरी, दोरीवर वाळत होता.

मी पायडलवरचा पाय जरा सैल केला
आणि ती फिरायला लागली.
जोरात नाही. सावकाश,
लग्नघरातल्या थोरल्या आत्याने आग्रहाखातर
पिंगा घालावा, तशी.
एक फेरी झाली. मला बँड दिसला.
दुसरी झाली. बँड जवळ आला होता.
तिसऱ्या फेरीला उतार लागला,
आणि समोर पाव्हलोव्हा स्पर्धेचा तंबू.

तंबू आम्ही पाडला नाही.
तो आम्ही यायच्या आधीच, वाऱ्याने, मानाने खाली बसला.
बेचाळीस पाव्हलोव्हा मात्र उठल्या.
साखरेचा फेस, साय, वरची किवी, सगळं
एका वरातीसारखं हवेतून निघालं
आणि अग्निशमन दलाच्या बँडवर उतरलं.
युफोनियमवाला गडी शिस्तीचा.
त्याने सूर सोडला नाही.
सूर बाहेर आला नाही, एवढंच.

मग मी इंजिन बंद केलं.
पंख्याची पाती एकेक करून मोजता यायला लागली.
हेमी सायीत घोट्यापर्यंत उभा राहून
तिच्या नाकावर हात फिरवत होता.
जहाजावर असं झालं असतं, तो म्हणाला,
तर हा फॉर्म नोलीनने भरला असता.
त्यावर आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.
नंतर त्याने बोनेटवरची एक किवी खाल्ली.

इजा: एक.
परीक्षक मिसेस डल्सी पेथेरिक, वय शहाऐंशी, बरगडी.
हसून.
पहिला नंबर त्यांनी आम्हालाच द्यायचा म्हटलं,
समितीने नियम दाखवला.

नुकसान: तंबूचे दोन बांबू, एक युफोनियम
(वाजतं, पण उन्हात वास येतो),
पाव्हलोव्हांची किंमत कोणी सांगत नाही.
विचारलं की बायका पुन्हा गोष्टच सांगायला लागतात,
दर वेळी आम्ही थोडे अधिक उंचावरून येतो.

शेवटचा रकाना:
पुन्हा असं घडू नये म्हणून काय उपाय केले?
केले आहेत.
पुढच्या वर्षी पाव्हलोव्हा
शाळेच्या हॉलमध्ये ठेवणार आहेत.